नव्या गेमचा पहिला भाव: द्यायचा की थांबायचं?

न्हावा शेवा बंदरात संगणकाच्या सुट्या भागांचे कंटेनर उतरतात म्हणून काही उरण किंवा द्रोणागिरीत ते स्वस्त मिळत नाहीत. गेम तर बंदरातून येतच नाही. तो केबलमधून येतो आणि त्याचा भाव उरणमध्ये जो, तोच गडचिरोलीत. खोक्यातली डिस्क मिळेल म्हणून मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर थांबा. पीसी गेमच्या खोक्यात आता बहुतेक वेळा नुसता कोड लिहिलेला कागद असतो, आणि अटल सेतूवरून कार नेली तर जाण्यायेण्याचा टोलच ३७५ रुपये. तेवढ्यात सेलमध्ये एक जुना, चांगला गेम येतो.

आता भावाचं. अमेरिकेत मोठ्या गेमची किंमत ६० डॉलरवरून ७० वर गेली. २०२५ मध्ये ‘द आउटर वर्ल्ड्स २’ ८० डॉलरला जाहीर झाला, ग्राहकांनी ओरड केली आणि कंपनी ७० वर आली. ७० डॉलर म्हणजे सहा हजारांच्या आसपास. भारतात अनेक कंपन्या यापेक्षा कमी लावतात, पण चढण इथेही आहे. २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात २,९९९ रुपयांना आला, २०२४ मध्ये ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ ३,५९९ ला. स्टीमवर दिसणाऱ्या किमतीत कर धरलेला असतो आणि यूपीआय चालतं, त्यामुळे वर काही द्यावं लागत नाही.

मग द्यायचे का? चार मित्र त्याच आठवड्यात एकत्र ऑनलाइन खेळणार असतील तर द्या. सहा महिन्यांनी मित्र दुसऱ्या गेमवर गेलेले असतात. एकट्याने खेळायची गोष्ट असेल तर देऊ नका. पहिल्या दिवशी भाव सर्वांत जास्त आणि माल सर्वांत कच्चा असतो. सायबरपंकच घ्या: डिसेंबर २०२० मध्ये तो इतका मोडका निघाला की सोनीने आठवड्याभरात आपल्या दुकानातून काढून टाकला. सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटने तो पुरता सुधारला, आणि २०२५ च्या सेलमध्ये त्यावर ६५ टक्के सूट होती. थांबणाऱ्याला हजाराच्या आसपास चांगला गेम मिळाला, धावणाऱ्याने तिप्पट मोजून मोडका घेतला. छोट्या स्टुडिओंचं गणित वेगळं. ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ २०२५ मध्ये २० डॉलरला आला. अशा भावाला पहिल्या दिवशी घेतलात तरी बिघडत नाही.

प्री-ऑर्डर म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. डिजिटल प्रत संपत नाही, मग रांग कसली लावता? ‘डीलक्स’ आवृत्तीत बरेचदा चार पोशाख आणि तीन ते पाच दिवस आधी खेळायची मुभा असते. जादा पैसे प्रामुख्याने त्या दिवसांचे.

घेतलाच तर परताव्याचं घड्याळ सांभाळा. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. हे दोन तास गेम उघडा असण्याचे आहेत, खेळण्याचे नाहीत. मेनू उघडा ठेवून जेवायला बसलात, तासभर पात्राचं नाक घडवत बसलात, सगळं मोजलं जातं. काही गेम बराचसा डेटा सुरू झाल्यावर आतूनच उतरवतात, तोही वेळ त्यात जातो. आगाऊ खेळण्याच्या दिवसांतला वेळसुद्धा २०२४ पासून धरतात. म्हणून पहिल्या अर्ध्या तासातच बघा: तुमच्या मशीनवर अडखळतो का, कंट्रोलर चालतो का. पटलं नाही तर लगेच अर्ज करा. एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानाचा नियमही १४ दिवस, दोन तास असाच आहे. जीओजी या तिसऱ्या दुकानात ३० दिवस मिळतात.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला कुठे होतो? ‘बाल्डर्स गेट ३’ला १५० जीबी जागा लागते, तीही एसएसडीवर. घरी ४० एमबीपीएसची लाइन असेल तर डाउनलोडला साडेआठ तास धरा, रात्री लावून झोपा. मोबाइलचं रोजचं २ जीबीचं पॅक असेल तर ७५ दिवस! त्यामुळे किमतीआधी जागा बघा, मग नेट.

आता आडवाटा. स्वस्त ‘की’ म्हणजे गेमचा कोड विकणाऱ्या साइट सुरुवातीला हजार-बाराशे दाखवतात. शेवटच्या पानावर सेवाशुल्क लागतं, पैसे परकी चलनात कापले तर बँक साधारण दोन ते साडेतीन टक्के लावते आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. वर की दुसऱ्या देशाची निघाली तर चालत नाही, आणि स्टीम त्याचे पैसे परत करत नाही. व्हीपीएन लावून तुर्कस्तानच्या भावात घ्यायची युक्ती नोव्हेंबर २०२३ पासून संपली, तिथले भाव डॉलरमध्ये गेले. वर खातं अडकायची भीती. आणि ‘बंदरातून सुटलेलं’ ग्राफिक्स कार्ड कोणी देऊ केलं तर जीएसटी बिल मागा. बिल नाही म्हणजे वॉरंटीची आशा सोडा. सोडवून न नेलेल्या मालाचा लिलाव ऑनलाइन, नोंदणी करून, लॉटने होतो. एक खोकं पिशवीत घालून कोणी देत नाही.

थांबायचं ठरवलंत तर गेम स्टीमच्या विशलिस्टमध्ये टाका आणि आजवरचा सर्वांत कमी भाव स्टीमडीबी या साइटवर रुपयांत बघा. त्याच्या आसपास आला की घ्या. उन्हाळी सेल जूनअखेर, हिवाळी डिसेंबरच्या उत्तरार्धात. भाव आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेदहाला उतरतात, थंडीत साडेअकराला. सेलच्या पहिल्या रात्रीचा भाव शेवटच्या दिवशीही तोच राहतो, पगार होईपर्यंत थांबलात तरी चालेल. मधल्या काळात एपिक दर गुरुवारी गेम फुकट देतं, साधारण स्टीमचे भाव उतरतात त्या वेळेच्या दोन तास आधी. कार्ड लागत नाही, खातं पुरतं.

घरात दोघं-तिघं खेळणारे असाल तर एकच प्रत घ्या. स्टीम फॅमिलीत एका घरातल्या सहा जणांना गेम वाटून खेळता येतात, मात्र एक प्रत एका वेळी एकालाच. धाकट्याने तुमच्या गेममध्ये चीट वापरली तर बंदी तुमच्यावरही येते, तेव्हा फॅमिलीत घेण्याआधी तंबी द्या.