नव्या बचत खात्याची भेट : बारदान वजा जाता

कापूस तोलताना उटनूरच्या पेठेतील कोणताही व्यापारी बारदान वजा केल्यावाचून पट्टी लिहीत नाही. परंतु हाच गृहस्थ, बँकेचा प्रतिनिधी दुकानी येऊन नव्या बचत खात्यावरील भेटी व सवलती सांगू लागला म्हणजे, गोणीसकट वजन खरे मानून सही करतो. हंगाम आटोपून चार पैसे हाती असतात तेव्हाच ही मंडळी येतात, हे वेगळे सांगावयास नको. म्हणून या व्यवहाराचा हिशेब येथे मांडण्याचे योजिले आहे.

२५ ऑक्टोबर २०११ पूर्वी बचत खात्याचा व्याजदर रिझर्व्ह बँक ठरवीत असे. अखेरीस तो चार टक्के होता व सर्व बँकांस सारखाच लागू होता. सबब निवडीचा प्रश्न फारसा उद्‌भवत नसे. त्या दिवशी दर खुला झाला आणि चढाओढ सुरू झाली.

या चढाओढीलाही कुंपण आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मुलांकडून ऐकावयास मिळते की, तेथे नवे खाते उघडून पगार त्यात वळविला म्हणजे बँक दोन-तीनशे डॉलर रोख जमा करते. (त्यावर व्याजाप्रमाणे करही भरावा लागतो, हे मुले मागाहून सांगतात.) आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ठेव स्वीकारताना फार तर २५० रुपये किमतीची वस्तू भेट देता येते; सोडत, बक्षिसे, सहली अशा प्रलोभनांस मनाई आहे. तेव्हा कोणी मोटारसायकलच्या सोडतीचे नाव काढील, तर तो खरोखर बँकेचा माणूस आहे काय, याची शाखेत जाऊन प्रथम चौकशी करावी.

भेटवस्तू अशी किरकोळ ठरल्यामुळे खरे आमिष अन्यत्र असते. कार्डावरील पहिल्या खरेदीत काही रक्कम परत, लॉकरच्या भाड्यात सूट, अथवा चढा व्याजदर. समजा, खात्यात सरासरी २५,००० रुपये ठेवण्याची अट आहे व व्याज अडीच टक्के आहे. स्टेट बँकेने जून २०२५ मध्ये आपला दर याच पातळीवर आणला. वर्षाचे व्याज ६२५ रुपये झाले. तीच रक्कम साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत १,६२५ रुपये मिळविती. म्हणजे ते खाते आपणांस दरसाल सुमारे हजार रुपयांस पडले. सवलत हजाराच्या खाली असेल तर ती आपल्याच पैशाने विकत घेतलेली आहे. बँकेची शाखा उटनुरात नसेल, तर आदिलाबादच्या खेपांचे भाडेही याच खात्यात मांडावे.

सरासरी म्हणजे रोजच्या अखेरच्या शिलकांची बेरीज भागिले महिन्याचे दिवस. व्यापाऱ्यास हे सोयीचे आहे, कारण तीस दिवसांच्या महिन्यात साडेसात लाख रुपये एकच रात्र खात्यात राहिले तरी २५,००० ची अट पुरी होते. परंतु अटी बदलतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेने नव्या शहरी खात्यांची सरासरी १०,००० वरून ५०,००० केली आणि थोड्याच दिवसांत ती १५,००० वर आणली.

चढ्या दराचे गणित याहून फसवे. ‘सात टक्के’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. तो दर कितव्या रुपयापासून लागू, हे बारीक अक्षरांत. समजा, पहिल्या लाखावर तीन, पुढील चार लाखांवर पाच आणि त्यावरील रकमेवर सात टक्के आहेत. सहा लाखांवर ३,००० अधिक २०,००० अधिक ७,००० मिळून ३०,००० रुपये झाले. म्हणजे पाच टक्केच. शिवाय त्या सहा लाखांपैकी एक लाख विम्याच्या बाहेर राहिले.

विम्याचा हा मुद्दा आपल्या भागास परका नाही. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक व केरळातील पलई सेंट्रल बँक बुडाल्या, आणि त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेवविमा आला. तेव्हा संरक्षण १,५०० रुपयांचे होते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते मुद्दल व व्याज मिळून पाच लाख आहे. ही मर्यादा एका बँकेच्या सर्व शाखांतील एकाच नात्याच्या ठेवींस मिळून लागू होते. मोठी शिल्लक दोन बँकांत विभागण्यासाठी नवे खाते काढावयाचे असेल, तर त्यास माझी पूर्ण संमती आहे. भेट मिळो अथवा न मिळो.

पेढीच्या नावे बचत खाते निघत नाही. ते व्यक्तीच्या किंवा एकत्र कुटुंबाच्या कर्त्याच्या नावे निघते. पेढीला चालू खातेच हवे, व त्यावर व्याज नाही.

खाते काढण्यापूर्वी ते बंद करण्याचे शुल्क विचारावे. पहिल्या चौदा दिवसांनंतर पण वर्षाच्या आत बंद केल्यास पुष्कळ बँका शुल्क घेतात. आणि दोन वर्षे व्यवहार न झाल्यास खाते निष्क्रिय होते. दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती वारसांस मागता येते, पण त्यासाठी खाते असल्याचे कोणास ठाऊक असावयास हवे. आमच्या घरी थोरल्या बंधूंच्या कपाटात, त्यांच्या पश्चात, असे एक पासबुक निघाले. सोबत भेट मिळालेली स्टीलची बाटली होती, खोक्यासकट, न वापरलेली. खात्यावर वारसाचे नाव नव्हते. शिल्लक दोन हजारांच्या आत होती. वहिनींना त्यासाठी आदिलाबादला तीन वेळा जावे लागले.