आधी पोर्ट, मग कॉइल

चि. सोनूस,


तुझ्या टोकामॅकचं, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात तापलेला प्लाझ्मा कोंडणाऱ्या यंत्राचं, ड्रॉइंग पाहिलं. सोळा कॉइली, मधोमध ट्रान्सफॉर्मर, सगळं रेखीव. पण पोर्ट, म्हणजे आत डोकावायची भोकं, तू उरलेल्या फटींत कोंबलेस. हे उलटं कर. प्लाझ्माचं तापमान मोजणारा लेसर कुठून आत जाणार, त्याचा विखुरलेला प्रकाश कुठून टिपणार, ते आधी आख. मग कॉइलींना जागा दे.

१९६८ साली नोवोसिबिर्स्कच्या परिषदेत रशियनांनी टी-३ टोकामॅकच्या तापमानाचे आकडे मांडले, तेव्हा बऱ्याच पाश्चात्त्यांना ते पटेनात. शेवटी इंग्लंडमधल्या कलहॅम प्रयोगशाळेची मंडळी आपला लेसर घेऊन मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेत गेली (तेही ऐन शीतयुद्धात!) आणि १९६९मध्ये त्यांनी स्वतः मोजलं. तापमान कोटी अंशांच्या घरात निघालं. मग प्रिन्स्टनवाल्यांनी आपला स्टेलरेटर (टोकामॅकचा प्रतिस्पर्धी) मोडून त्याचाच टोकामॅक केला. टी-३ ला मान मिळाला तो त्या मोजमापामुळे.

आता बळांचं. १ टेस्ला क्षेत्राचा दाब हवेच्या दाबाच्या चौपट भरतो. २ टेस्ला केलंस की सोळापट. कॉइली मध्याकडे ओढल्या जातात हा हिशेब तू चोख केला आहेस. पण प्लाझ्मा जागेवर धरणारं उभं क्षेत्र त्याच कॉइलींना आडवं पाडायला बघतं, तो पीळ कागदावर कुठेच दिसला नाही. कॉइलीला करंट नेणारी आणि परत आणणारी तार शेजारीशेजारी ने, म्हणजे दोघींची क्षेत्रं एकमेकांना मारतील. नाहीतर भटक्या क्षेत्रामुळे प्लाझ्मा पेटायलाच तयार होत नाही, आणि आपण बिचाऱ्या व्हॅक्यूमवर संशय घेत बसतो.

सांध्यांना कमी लेखू नकोस. जपानमधला जेटी-६०एसए टोकामॅक केवढा मोठा प्रकल्प! मार्च २०२१मध्ये चाचणीच्या वेळी एका कॉइलीच्या टोकाच्या जोडावरचं इन्सुलेशन फुटलं, ठिणगी पडली, हेलियम गळला. पहिला प्लाझ्मा दिसायला ऑक्टोबर २०२३ उजाडला.

एकदा गांधीनगरजवळ भाटला जाऊन ये. तिथला 'आदित्य' टोकामॅक १९८९पासून चालला. पुढे त्याचं चौकोनी छेदाचं निर्वात पात्र काढून गोल छेदाचं बसवायचं ठरलं, तेव्हा अख्खं यंत्र सुटं करावं लागलं. मगच 'आदित्य-यू' उभा राहिला. कॉइलींच्या कड्यांतून ओवलेलं पात्र कड्या न सोडता निघणार कसं? तुझ्याही कॉइली उघडता येतील अशाच कर, सांधे वाढले तरी चालतील.

पुढच्या ड्रॉइंगमध्ये प्रत्येक बोल्टपाशी पाना फिरायला जागा दाखव. आणि ते गाइडच्या आधी वर्कशॉपमधल्या फिटरपुढे ठेव. तो हसला, तर कुठे बोट ठेवून हसला तेवढं मला कळव.

तुझा,
काका