पुस्तक जुनं, हक्क ताजा

1956 पर्यंत किनवट आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात होतं. सीमा बदलली, किनवट मुंबई राज्यात, पुढं महाराष्ट्रात गेलं आणि आम्ही बाजारहत्नूरकर मराठी पुस्तकासाठी पलीकडे बघू लागलो. त्यामुळे घरातली जुनी पुस्तकं स्कॅन करून नेटवर चढवायची हौस इकडे अनेकांना आहे. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

शेजारच्या पोरानं ‘श्यामची आई’ची पिवळी पडलेली प्रत मोबाइलनं पानपान टिपली, बोटाची सावली पडलेली पानं पुन्हा काढली आणि एका परदेशी संकेतस्थळावर टाकली. थोड्याच दिवसांत ती काढली गेली. “काका, साने गुरुजी 1950 ला गेले, मग अडचण कसली?” त्याचा हिशेब चोख होता. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षं मोजतात; गुरुजींचं लेखन 2011 ला मोकळं झालं. पण संकेतस्थळ अमेरिकेतलं. तिथं 1935 च्या या पुस्तकाला प्रकाशनापासून 95 वर्षं, म्हणजे 2030 संपेपर्यंत संरक्षण. तेव्हा चढवण्याआधी त्या संकेतस्थळाला कुठला कायदा लागतो ते बघा.

आपल्याकडचा हिशेब करताना नुसत्या छपाईच्या सालावर तर मुळीच जाऊ नका. ‘ग्रामगीता’ 1955 ची, पण तुकडोजी महाराज 1968 ला गेले. साधा हिशेब 2029 ला पोचतो. अण्णाभाऊ साठे 1969 ला गेले, म्हणून ‘फकिरा’ 2030 ला. बहिणाबाई चौधरींचं उलटं: त्या 1951 ला गेल्या, कविता 1952 ला छापल्या, म्हणून मोजणी छपाईपासून. शिवाय नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, चित्रं, टिपा यांचे धनी वेगळे असतात. मूळ मजकूर मोकळा असला तरी ती पानं वगळा.

आपल्याकडची ही मुदत आधी 50 वर्षंच होती. रवींद्रनाथ टागोरांचे हक्क 1991 अखेर संपणार होते, म्हणून घाईनं ती 60 केली गेली. ते हक्क सांभाळणाऱ्या विश्वभारतीचं भलं झालं असेल. पण ज्यांना प्रकाशक उरला नाही, वारसही सापडत नाहीत, असे मराठी लेखक आणखी दहा वर्षं कुलपात गेले. माझ्या मते खरं नुकसान त्यांचंच. गाजलेलं पुस्तक काय, बाजारात मिळतंच.

घरात कुणी लिहिणारं असेल, तर त्यांच्या हयातीतच विचारा. कॉपीराइट रजिस्ट्रारला कळवून किंवा जाहीर सूचना देऊन लेखकाला आपला हक्क सोडता येतो. तेवढं जमत नसेल, तर नेटवर ठेवायची परवानगी सहीनिशी कागदावर घ्या. पुढं वारस म्हणून चार भावंडांच्या सह्या गोळा करणं जिकिरीचं होतं.