शेक मधेच सोडू नका



ऊस नोंदीसाठी शिवारात फिरताना घरोघरच्या आजारपणाच्या गोष्टीही आमच्या कानावर येतात. एचआयव्ही असलेल्या माणसाला कॅन्सर झाला, की "याला शेक सोसायचा नाही" म्हणून पुष्कळ जण उपचारच टाळतात. हे बरोबर नव्हे.

एचआयव्ही असलेल्या स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे ६ पट असतो. त्यावर रेडिएशन, म्हणजेच शेक, हा एक प्रमुख उपचार आहे. बाहेरून दिला जाणारा शेक साधारणपणे आठवड्यातून ५ दिवस, असा ५ आठवडे चालतो. जुलाब, लघवीला जळजळ, थकवा, रक्तातल्या पेशी कमी होणे, हे त्रास कोणालाही होतात. एचआयव्हीची एआरटी औषधे चालू नसतील तर ते वाढू शकतात. औषधे नियमित घेणाऱ्याला शेक बहुधा इतरांसारखाच सोसतो.

तरी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. एआरटीची गोळी एक दिवसही चुकवू नये.

२. शेक देणाऱ्या डॉक्टरांपासून एचआयव्ही लपवू नये. सर्व गोळ्या त्यांना दाखवाव्यात. शेकासोबतचे सिस्प्लॅटिन इंजेक्शन आणि टेनोफोव्हिर गोळी, दोन्हींचा भार मूत्रपिंडावर पडतो.

३. ताप आला किंवा जुलाब थांबेनात, तर घरगुती इलाज न करता दवाखाना गाठावा.

पाण्याची पाळी चुकली की ऊस खुंटतो. शेकाची पाळी चुकली तर गाठ पुन्हा जोर धरते.

सरकारी केंद्रांत एआरटी २००४ पासून मोफत मिळते. २०१७ च्या कायद्यानुसार एचआयव्हीमुळे उपचार नाकारता येत नाहीत. बाहेरून शेक घेतलेल्या माणसाजवळ बसल्याने कोणालाही अपाय होत नाही. तरी घरच्यांनी त्याला एकटे पाडू नये, ही विनंती.