लोकरी मावा आणि त्याला खाणारे किडे



२००२ सालच्या जुलै महिन्यात सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांखाली पिंजलेला कापूस चिकटवावा तशी पांढरी कीड प्रथम दिसली. तोच हा लोकरी मावा. पुढे राज्यातल्या ऊसपट्ट्यात तो पसरला, आपला नगर जिल्हाही सुटला नाही. योगायोग असा की त्याच वर्षी सप्टेंबरात अटलांटिक महासागरातल्या अझोर्स बेटांवर, पोंता देल्गादा या शहरी, देशोदेशींचे कीटकशास्त्रज्ञ जमले होते आणि त्यांचा विषय एकच होता : मावा खाऊन जगणारे किडे! असा पहिला मेळावा १९६५ साली चेकोस्लोव्हाकियात, प्रागजवळ लिब्लिसे येथे भरला होता. अझोर्सचा आठवा. एवढ्याशा किड्यांपायी माणसं समुद्र ओलांडून जातात म्हणून कुणी हसेल. पण पुणतांब्याच्या शिवारात, गोदाकाठी ज्याने आपला फड काळा पडलेला पाहिला, तो हसणार नाही.

फड काळा का पडतो ते आधी पाहू. मावा पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांनी बसून रस शोषतो. त्याच्या अंगातून पाझरणारा चिकट गोड द्रव खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी चढते. मग पानाला ऊन मिळत नाही, अन्न तयार होत नाही. वजन घटतं, साखरउतारा घटतो. मादीला नराची गरज नाही, ती थेट पिल्लेच घालते. ढगाळ, दमट हवा मिळाली की मग विचारायलाच नको.

आता हे खाणारे किडे. शास्त्रज्ञांच्या या वर्तुळात एक प्रश्न बराच घोळला. ढालकिडा एवढा मावा खातो, तरी तो पुष्कळदा माव्याला आवरू का शकत नाही? इंग्लंडचे डिक्सन आणि चेक शास्त्रज्ञ किंडलमन यांनी याचे उत्तर वेळेच्या हिशेबात शोधले. माव्याची पिढी काही दिवसांत तयार होते, ढालकिड्याची त्याहून सावकाश. पुष्कळ पिकांवर मावा येतो नि थोड्या आठवड्यांत जातो. तेवढ्यात ढालकिड्याची पोरं जेमतेम मोठी होतात. उलट १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात नेलेल्या व्हेडालिया ढालकिड्याने तिथल्या संत्रा-लिंबाच्या बागा खवले किडीपासून वाचवल्या, कारण तिथे भक्षक भक्ष्यापेक्षा मागे पडत नव्हता.

हा हिशेब आपल्या उसाला लावून बघावा. ऊस बारा ते अठरा महिने उभा, मावाही महिनोन्‌महिने मुक्कामाला. म्हणजे खाणाऱ्याला वेळ मिळतो. आमच्या मते, आपल्याकडे मित्रकिडींना यश येण्याचे हे एक कारण असावे.

यात पहिला मान डिफाचा. हा एक लहान पतंग, पण काम करते त्याची अळी. ती माव्याच्या थव्यातच रेशमी जाळी विणते आणि आत दडून मावा फस्त करते. जाळीला माव्याची लोकर चिकटलेली असते, त्यामुळे ती चटकन दिसत नाही. दुसरा मायक्रोमस : तपकिरी, जाळीदार पंखांचा बारीक कीटक. याची अळी दोन्ही टोकांना निमुळती, जबडा विळ्यासारखा. अळी आणि प्रौढ दोघेही मावा खातात. तिसरी एनकार्सिया, अगदी बारीक गांधीलमाशी. ती मावा खात नाही, त्याच्या अंगात अंडे घालते आणि तिचे पिल्लू त्याला आतून पोखरते. ईशान्य भारतात हा मावा जुना, एनकार्सियाही तिथलीच. तिथून ती दक्षिणेत आणली गेली.

खरी अडचण पुढेच आहे. अळी दिसली की आपला हात पंपाकडे जातो. जाळीतली हिरवट-तपकिरी अळी उसाची वैरी समजून फवारा मारला, तर मावा थोडा मरतो, डिफा सगळी मरते, आणि उरलेला मावा मोकळं रान मिळाल्यासारखा वाढतो. म्हणून आधी पान उलटून पाहा. अळी माव्यात बसलेली असेल आणि पान कुरतडलेलं नसेल, तर ती आपली.

शिफारस अशी, की हेक्टरी डिफाच्या १००० अळ्या किंवा कोष, अथवा मायक्रोमसच्या २५०० अळ्या सोडाव्यात. एकरी हिशेब अनुक्रमे ४०० आणि १००० असा पडतो. सोडल्यावर तीन-चार आठवडे औषध मारू नये. शेजाऱ्याच्या फडात डिफा भरपूर असेल तर अळ्या-कोष असलेली पाने कापून आणावीत आणि आपल्या मावा पडलेल्या पानांना टाचून द्यावीत. पण मावा नसलेल्या फडात अशी पाने नेऊ नका, त्यांबरोबर मावाही जातो. बेणे, जनावरांसाठी नेलेले वाढे आणि उसाच्या गाड्या यांचेही तसेच. मावा असलेल्या फडातले वाढे पुणतांब्याहून दुसऱ्या गावी नेताना एवढे ध्यानात ठेवावे.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा फडात आत शिरून पाने उलटून पाहावीत. नुसते बांधावरून पाहून कळत नाही. पांढरा पट्टा दिसला तर त्याच दिवशी गट कार्यालयात सर्व्हे नंबरसह कळवावे.