परवान्याची किल्ली आणि आभासी संगणक

विकत घेतलेले सॉफ्टवेअर संगणकात भरताना ते अक्षरांची आणि अंकांची एक लांबलचक माळ मागते. माळ बरोबर भरली की काम सुरू होते. एक अक्षर चुकले तरी ते हटून बसते. या माळेला परवान्याची किल्ली म्हणतात. पण मित्रांनो, जी किल्ली संगणकाने पूर्वी कधी पाहिलेली नाही, ती खरी की खोटी हे त्याला कसे कळते? विकलेल्या सर्व किल्ल्यांची यादी तर त्याच्याजवळ नसते.

जुनी युक्ती फार सोपी होती. १९९५ साली निघालेल्या विंडोज ९५ या प्रणालीच्या दुकानात मिळणाऱ्या प्रतीची किल्ली आधी तीन अंक आणि मग सात अंक अशी असे. त्या सात अंकांच्या बेरजेला ७ ने निःशेष भाग गेला की संगणकाचे समाधान होई. पहिल्या तीन अंकांत ३३३, ४४४ असे काही आकडे चालत नसत, एवढेच. सातही जागी १ लिहा. बेरीज ७. झाली किल्ली तयार! लिहिताना एखादा अंक चुकला तर तो अशा नियमाने बहुधा पकडला जातो, पण लबाडी पकडली जात नाही. कारण तपासण्याचा नियम आणि बनवण्याचा नियम एकच आहे, आणि तो प्रत्येक ग्राहकाच्या संगणकात जाऊन बसलेला आहे.

तेव्हा हवे असे काहीतरी, की तपासता सर्वांना यावे, पण बनवता एकालाच यावे. अशी एक रीत १९७७ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी शोधली. कागद-पेन्सिल घ्या, आपण ती करूनच पाहू.

३ आणि ११ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार ३३. कंपनी ३३ आणि ३ हे आकडे जगजाहीर करते आणि ७ हा आकडा स्वतःजवळ गुप्त ठेवते. समजा, परवाना ४ यंत्रांचा आहे. कंपनी ४ चा सातवा घात काढते : १६,३८४. त्याला ३३ ने भागले की बाकी उरते १६. ही झाली कंपनीची सही. ग्राहकाला '४, १६' अशी किल्ली मिळते. त्याचा संगणक १६ चा घन करतो : ४,०९६. ३३ ने भागून बाकी ४. जुळले! आता कोणी ४ खोडून ५ केले, तर सहीतून पुन्हा ४ च निघेल आणि लबाडी उघडी पडेल. (५ ची खरी सही १४ येते का, ते तुम्ही ताडून पाहा.)

हा ७ आला कुठून? ३ मधून १ आणि ११ मधून १ वजा करून गुणाकार करा : २ × १० = २०. आता ३ ला अशा आकड्याने गुणायचे की २० ने भागल्यावर बाकी १ उरावी. ३ × ७ = २१. म्हणजे ३३ चे अवयव ज्याला सापडले, त्याला गुपितही सापडले. ३३ चे अवयव कोणीही पाडील. म्हणून प्रत्यक्षात ३३ च्या जागी सहाशेहून अधिक अंकांची संख्या घेतात. तिचे अवयव पाडणे आजच्या कोणत्याही संगणकाच्या आवाक्यात नाही.

सहीने किल्ली खरी ठरली. पण तीच खरी किल्ली दहा ठिकाणी वापरली तर? त्यावर उपाय म्हणून परवाना विशिष्ट संगणकाच्या ओळखक्रमांकाशी बांधतात. इथे आभासी संगणकांनी घोटाळा केला. एका दणकट संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरच्या जोरावर अनेक संगणक चालवता येतात. कल्पना नवी नाही, आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० ही अशी प्रणाली जाहीर केली होती. बाहेरचा खरा संगणक यजमान, आतले पाहुणे. पाहुणा म्हणजे शेवटी काही फायलीच. त्यांची नक्कल केली की ओळखक्रमांकासह जुळा भाऊ तयार! व्हीएमवेअरची प्रणाली अशी फाईल उघडताना विचारते, हे यंत्र हलवले आहे की त्याची नक्कल केली आहे? 'नक्कल' म्हटले तर ती नवा क्रमांक देते. पण कोणी खोटेच 'हलवले' म्हटले तर तिचा इलाज नाही. शिवाय पाहुण्याची कालची स्थिती जपून ठेवून आज ती परत आणता येते, त्यामुळे त्याच्या आत ठेवलेला मोजणीचा आकडाही कालचा होतो.

म्हणून आभासी संगणकांचे व्हायरसपासून रक्षण करणारी सॉफ्टवेअर मोजणी पाहुण्याच्या हाती देत नाहीत. काही पद्धतींत प्रत्येक यजमानावर एक पहारेकरी यंत्र असते, ते बाकीच्यांच्या फायली तपासते, आणि परवाना किती यंत्रांत वापरला जात आहे याचा हिशेब मध्यवर्ती सर्व्हर ठेवतो. कोठे पाहुणे मोजतात, कोठे यजमानाच्या प्रोसेसरमधले कोअर. पाहुणे रोज येतात-जातात. कोअर तेवढेच राहतात. मला ही दुसरी रीत अधिक शहाणपणाची वाटते.

राहिली मुदत. ती घड्याळावर अवलंबून, आणि घड्याळ फिरवता येते. १२ ऑगस्ट २००८ रोजी व्हीएमवेअरच्या ईएसएक्स ३.५ या प्रणालीच्या नव्या आवृत्तीत चाचणीच्या काळातली मुदतीची आज्ञा चुकून राहून गेल्याचे उघड झाले. पैसे भरलेल्या ग्राहकांचेही बंद असलेले आभासी संगणक त्या दिवशी सुरू होईनात. चालू होते ते चालू राहिले. दुरुस्ती हाती येईपर्यंत अनेकांनी यजमानाचे घड्याळच मागे फिरवून वेळ निभावली!

रक्षण करणाऱ्या सॉफ्टवेअरची मुदत संपली म्हणून पहारा एकदम उठवला, तर इस्पितळाचे किंवा बँकेचे संगणक उघडे पडतील. त्यामुळे काही सॉफ्टवेअर मुदतीनंतरही तपासणी चालू ठेवतात; फक्त नव्या व्हायरसांची यादी येणे थांबते. पहारेकरी दारात उभा असतो, पण मुदतीनंतर जन्मलेल्या चोरांचे वर्णन त्याच्याजवळ नसते.