प्याल्याच्या आधी आणि प्याल्याच्या नंतर

व्यसन हा विषय आपल्याकडे बहुधा भाषणाचा मानला जातो. गांधी जयंतीला किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दारूच्या दुष्परिणामांवर व्याख्यान होते, टाळ्या पडतात आणि मंडळी चहाला जातात. पुस्तकांतून मात्र हा विषय निराळ्या रीतीने भेटतो. व्याख्यानात फक्त दारू असते. पुस्तकात दारू पिणारा माणूस असतो, त्याचे घर असते, त्याला पाजणारा असतो आणि त्याच्याकडे पाठ फिरवणारे शेजारीही असतात. मराठीच्या अभ्यासाच्या निमित्ताने आणि पुढे स्वतःच्या ओढीने मी या विषयावरची काही पुस्तके वाचली. वाचता वाचता तीन प्रश्न हाती आले. पहिला, पेला हाती येण्याआधी काय घडले? दुसरा, पिणाऱ्याची किंमत घरात कोणी मोजली? तिसरा, सुटू पाहणाऱ्याला पुढे कोणती वाट मिळाली? या प्रश्नांच्या आधारे काही विचार मांडावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मराठीत व्यसनाचे नाव काढले की राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ आठवते. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी आपल्या विदर्भातच, सावनेर येथे वारले. त्यानंतर त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले आणि बालगंधर्वांची सिंधू घराघरांत पोहोचली. नाटकाच्या नावावरून असे वाटते की सारा दोष त्या एका प्याल्याचा आहे. पण नाटक नीट वाचले तर गडकऱ्यांनी त्याहून पुष्कळ अधिक सांगितले आहे, हे ध्यानात येते. सुधाकर हा बुद्धिमान आणि मानी वकील. न्यायालयात खटका उडतो, त्याची सनद काही काळासाठी जाते, आणि त्या अपमानाच्या जळजळीत तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. म्हणजे प्याल्याच्या आधी अपमान आहे, रिकामा वेळ आहे आणि सांत्वनाच्या मिषाने जवळ येणारा मित्र आहे.

त्याहून महत्त्वाचा भाग पुढे येतो. सुधाकर मध्यंतरी दारू सोडण्याचा निश्चय करतो आणि काम शोधायला बाहेर पडतो. पण एकदा नाव गेलेल्या माणसावर कोणी विश्वास ठेवायला तयार नसते. तो पुन्हा अपमानित होतो आणि पुन्हा पितो. ‘एकदा लागलेली दारू सुटत नाही’ हे या नाटकाचे तात्पर्य म्हणून सांगितले जाते. मला मात्र वाटते की, सुटू पाहणाऱ्याला उभे राहायला जागा मिळाली नाही तर काय होते, हेही गडकऱ्यांनी तेवढ्याच स्पष्टपणे दाखवले आहे. याच नाटकातला भगीरथ दारूतून बाहेर पडतो, कारण रामलाल त्याला जवळ करतो आणि करण्याजोगे काम देतो. सुधाकरच्या शोकांतिकेपुढे भगीरथ आपल्या लक्षात राहत नाही. अभ्यासकांनी त्याच्याकडे अधिक पाहावे, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

सिंधूविषयी बोलताना आपण तिच्या पातिव्रत्याची स्तुती करतो. माझ्या आईला वाचता येत नाही, म्हणून सिंधूची कथा मी तिला सांगितली. नवरा पितो, ती लोकांची दळणे दळून लेकरू जगवते, अखेर नवऱ्याच्या हातूनच लेकरू आणि ती दोघेही जातात, आणि मरतानाही ती त्याचा गुन्हा झाकते. आईने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “दळून लेकरू जगवलं तिनं, मंग मरतानी खोटं काऊन बोलली थे?” या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याही समीक्षेच्या पुस्तकात सापडलेले नाही. जिने आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात निंदण केले, तिला सिंधूची सहनशीलता नवी नाही. तिला ती आदर्श म्हणून सांगितली जाते, हे नवे वाटले.

येथे भाषेविषयी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ‘तळीराम’ हे या नाटकातल्या पात्राचे नाव आज सामान्यनाम झाले आहे. ३१ डिसेंबरला पोलिसांनी पकडलेल्यांच्या बातमीला वर्तमानपत्रे हमखास तळीरामांचे मथळे देतात आणि आपण हसतो. शरच्चंद्रांचा ‘देवदास’ १९१७ साली प्रसिद्ध झाला. पुढे सैगल आणि दिलीपकुमार यांनी तो पडद्यावर अजरामर केला, आणि प्रेमभंगाने पिणाऱ्या तरुणालाही एक नाव मिळाले. पिणाऱ्याचा विनोद करायला तळीराम आणि त्याची कीव करायला देवदास, अशी दोन नावे आपल्या भाषेने उचलली. ज्या बाईने दळण दळले तिचे नाव मात्र सामान्यनाम झाले नाही.

दुसरे पुस्तक प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले गाडगेबाबांचे चरित्र. बाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा, म्हणजे आपल्या शेजारचाच. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. येथे प्याल्याच्या आधी सुधाकरसारखा एखादा अपमान नाही. तेथे रूढी आहे. जातगंगेला जेवण द्यायचे तर मटण आणि दारू हवीच, नाहीतर नाव जाते, ही ती रूढी. देबूजीने स्वतःच्या मुलीच्या बारशाला ती मोडली आणि पंगतीला गोडाचे वाढले. दारूविरुद्धच्या पुढच्या साऱ्या कीर्तनांचे बीज मला या पंगतीत दिसते. सुधाकरला एकट्याला मोहातून सुटायचे होते. देबूजीने चार लोकांसमोर चाल मोडली. लग्नात, निवडणुकीत आणि पोळ्याच्या करीला आजही पाजणारे असतात, तेव्हा ही पंगत जुनी झाली आहे असे म्हणवत नाही.

तिसरे वाचन अनिल अवचट यांच्या ‘गर्द’चे. १९८० नंतरच्या दशकात पुण्या-मुंबईतली चांगल्या घरची मुले ब्राऊन शुगरच्या विळख्यात सापडली, त्यांची ही हकिकत. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पुढाकार घेऊन साहाय्य केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता अवचट यांनी ते उभारले. येथे विचाराची दिशाच बदलते. व्यसन हे पाप नसून आजार आहे, असे येथे मानले जाते. अमेरिकेत १९३५ साली दोन मद्यपींनी एकमेकांच्या आधाराने ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ सुरू केली. जन्मभराची शपथ घेऊ नये, फक्त आजचा दिवस प्यायचे नाही असे ठरवावे, ही तिची शिकवण मुक्तांगणातही आहे. शिवाय रुग्णाच्या पत्नीसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. सिंधूला जे मिळाले नाही ते येथे आहे: तिच्यासारख्या बायकांमध्ये बसून खरे बोलण्याची जागा.

आजार म्हटले की पिणाऱ्याची जबाबदारी संपली, असा अर्थ कोणी काढील. तो बरोबर नाही. क्षयाच्या रोग्याला आपण दोष देत नाही, पण औषध त्यालाच घ्यावे लागते. तसेच हे आहे.

आता हे सारे आपल्या जिल्ह्याला लावून पाहू. शेतकऱ्याने आत्महत्या केली की गावच्या पारावर दोनच वाक्ये ऐकू येतात: ‘कर्जापायी गेला’ किंवा ‘दारूपायी गेला’. २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे मिळणारी एक लाखाची मदत कर्ज, नापिकी आणि परतफेडीचा तगादा या गोष्टी पाहून ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. म्हणून ही दोन वाक्ये केवळ पारावरची राहत नाहीत. त्यांवर मागे राहिलेल्या बाईचे पुढचे वर्ष अवलंबून असते. ‘एकच प्याला’ लक्षपूर्वक वाचलेला विद्यार्थी असे वाक्य ऐकून थांबेल आणि विचारील, प्याल्याच्या आधी काय होते? बोंडअळी होती का, सावकार होता का, घरी परतताना तोंड लपवावेसे वाटत होते का? दारू हे कारण असते तसेच ते दुसऱ्या कारणाचे फळही असते.

दुसरीकडे, आपल्याच जिल्ह्यातल्या बायकांनी ‘स्वामिनी’च्या झेंड्याखाली दारूबंदी मागितली. पलीकडे वर्ध्याला बंदी आहे, गडचिरोलीला १९९३ पासून आहे. चंद्रपूरला २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बंदी यशस्वी होते की नाही यावर विद्वानांचे मतभेद आहेत. पण गावातले दुकान बंद करण्यासाठी मतदानाला रांगेत उभी राहून ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारणारी बाई ही मराठी साहित्यात अजून पुरेशी न आलेली नायिका आहे, असे मला वाटते. माझ्या आईच्या प्रश्नाचे उत्तर कदाचित तिच्यापाशी असेल.

शेवटी आपल्या स्वतःबद्दल. दारू पिणाऱ्याला आपण बेवडा म्हणतो. पण तासाआधी पन्नीत खर्रा घोटणाऱ्याला आपल्यात काहीही नाव नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, तरी सुपारी, तंबाखू आणि चुना यांचा हा घास आपल्या बाकांवरून इकडून तिकडे जातच असतो. त्यावर नाटक नाही, कादंबरी नाही. असतील तर जिन्यातल्या कोपऱ्यावरचे लाल डाग. ‘एक खाऊन तर पाहा’ असे म्हणत पुडी पुढे करणारा मित्र आणि तळीराम यांच्यात फार अंतर नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आपणच पहिले वाचणारे आहोत. वाचलेले घरी नेऊन सांगणे हे आपले कामच आहे. वाचनालयात ही पुस्तके आहेत. ती परीक्षेसाठी नव्हे, तर तीन प्रश्न विचारण्यासाठी वाचावीत: आधी काय झाले, किंमत कोणी मोजली, आणि परतणाऱ्याला दार कोणी उघडले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकापेक्षा आपल्या वागण्यातून द्यायचे आहे.